गोजरमावशीची कंबर

माझ्या गोजरमावशीची कंबर कधीच दुखत नव्हती. हे आधीच सांगून टाकते, कारण त्या वर्षी तिच्या कंबरेवर मुंबईच्या डॉक्टरने मत दिलं, औरंगाबादच्या डॉक्टरने दिलं, सासरच्या झाडून सगळ्या माणसांनी दिलं, आणि जिची ती कंबर होती तिला मात्र कुणी धड विचारलं नाही. आज इतकी वर्षं झाली, तरी आठवलं की माझं डोकं तापतं.

मावशी वडीगोद्रीजवळच्या खेड्यात दिलेली. घरची मोसंबीची बाग, पलीकडे कपाशी, आणि हंगामात हायवेच्या कडेला मोसंबीचा ढीग मांडून विक्री. ढिगावर बसायचं काम मावशीचं. ट्रकवाले, जीपवाले, मोटारीतून उतरणारी साहेबमंडळी, सगळ्यांशी ती भावावरून हुज्जत घालायची आणि जिंकायची. एक ड्रायव्हर एकेक मोसंबी दाबून दाबून बघत होता, तर तिने त्याला विचारलं, बाबा, तुला मोसंबी घ्यायचीय का कणीक मळायचीय? तो निमूट पिशवी भरून गेला. नात्यात कुठे लग्न मोडायला आलं की मावशीला बोलावणं यायचं. दोन्हीकडच्या बापांना एका दमात झापण्याची ताकद आमच्या अख्ख्या गोतावळ्यात तिच्याकडेच होती.

आणि हीच बाई घरच्या उंबऱ्यात पाय टाकला की मुकी व्हायची. कारण घरात अण्णासाहेब होते.

अण्णासाहेब म्हणजे मावशीचे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. मावशीच्या नवऱ्याचं नाव कारभारी, पण कारभार सगळा थोरल्याकडे. काका बिचारे नावापुरतेच. त्या घरची रीत अशी, की धाकट्या सुनेनं भासऱ्यापुढे पदर ढळू द्यायचा नाही आणि त्यांच्याशी बोलायचं नाही. हळू नाही, कमी नाही, बिलकुल नाही. काही सांगायचंच झालं तर लेकरामार्फत सांगायचं, आणि लेकरू जवळ नसेल तर दावणीच्या वासराला सांगायचं. मी लहानपणी सुट्टीला गेले की हे बघून हसून हसून लोळायचे. मावशी वासराकडे तोंड करून म्हणायची, "पाणी तापलंय रे." ओट्यावरून अण्णासाहेब वासरालाच उत्तर द्यायचे, "येऊन राह्यलो म्हणाव." घरातल्या सगळ्या बातम्या आधी त्या वासराला कळायच्या. मोठी झाले तसं माझं ते हसू आटत गेलं.

अण्णासाहेब वाईट माणूस नव्हते. सगळेच असं म्हणतात, मीही म्हणते. दारू नाही, मारझोड नाही, कुणाच्या बांधावर डोळा नाही. घरातलं कुणी आजारी पडलं की स्वतः धोतर-टोपी चढवून त्याला दवाखान्यात न्यायचे, कधी कंटाळा केला नाही. खर्चाला मागेपुढे बघितलं नाही. पुढचं सगळं त्या चांगुलपणातूनच झालं, आणि म्हणूनच तर मला त्याचा जास्त राग येतो.

मावशीचं खरं दुखणं वेगळं होतं. धाकटा वसंता झाला तेव्हा कपाशीची वेचणी ऐन भरात होती. बारावं उरकलं आणि मावशी डोक्यावर गाठोडी वाहायला लागली, विहिरीवरून हंडे आणायला लागली. तिला कुणी ढकललं नाही, पण बस म्हणूनही कुणी म्हटलं नाही. तेव्हापासून तिची गर्भाची पिशवी जागा सोडून खाली सरकली. वजन उचललं, खोकला आला, जास्त वेळ उकिडवं बसलं की अंग बाहेर यायचं. आमच्याकडे बायका याला अंग बाहेर येणं असंच म्हणतात, आणि म्हणतात ते फक्त स्वतःच्या आईपुढे. मावशीची आई केव्हाच गेली होती, पाठोपाठ तिची बहीण, म्हणजे माझी आई. मग मावशी न्हाणीत जाऊन हाताने अंग आत सारायची, मऊ चिंध्या घट्ट बांधायची, आणि परत येऊन ढिगावर बसून ट्रकवाल्यांना हसवायची. अशी तिने किती वर्षं काढली, वसंताच्या वयावरून हिशेब करा.

वसंताला मिसरूड फुटलं तेव्हा मात्र ते झेपेनासं झालं. एका सकाळी मोसंबीच्या ढिगावरून उठताना ती तिथेच खाली बसली. घरी येऊन तिने मोठ्या जावेला, गिरिजाबाईंना, सांगितलं की खाली जड जड वाटतं, काहीतरी ओघळल्यासारखं होतं. गिरिजाबाई म्हणजे अण्णासाहेबांची बायको. त्या घरच्या रीतीवर पहारा त्यांचाच असायचा. मावशीचा पदर बोटभर सरकला तरी त्या खाकरायच्या. त्यांनी मावशीचं सगळं ऐकून घेतलं आणि ओट्यावर जाऊन अण्णासाहेबांना सांगितलं, गोजरची कंबर दुखती.

बाईच्या गळ्याखालचं आणि गुडघ्यावरचं काहीही दुखलं तरी त्या घरात कंबर दुखायची. पुरुषांपुढे उच्चारता येईल असा तो एकच अवयव बायकांना दिलेला होता.

ही दोन हजार सहाची गोष्ट. जालन्यात एका ट्रस्टच्या दवाखान्यात तेव्हा नवीनच सोय झाली होती. गच्चीवर मोठी थाळीसारखी छत्री, वरच्या मजल्यावर एक खोली, खोलीत मोठा टीव्ही आणि त्यावर कॅमेरा. मुंबईचा डॉक्टर मुंबईत बसून जालन्याचा पेशंट बघायचा आणि पुढे कुठल्या मोठ्या डॉक्टरकडे जायचं ते सांगायचा. हारतुरे, फीत, पेपरात फोटो, सगळं झालं होतं. अण्णासाहेबांनी तो फोटो बघितला होता. त्यांनी ठरवलं, आपल्या घरची सून साध्या डॉक्टरकडे न्यायची नाही, एकदम मुंबईच्या डॉक्टरला दाखवायची.

त्या पहिल्या भेटीला मी नव्हते. मी जालन्यातच शाळेत शिकवते, पण त्या दिवशी मला कुणी कळवलंच नाही. मावशीने नंतर सांगितलं ते असं. खोलीत मशीन चालवणारा माणूस, दवाखान्याचा एक डॉक्टर, कॅमेऱ्यासमोरच्या खुर्चीवर अण्णासाहेब, आणि त्यांच्या मागे स्टुलावर पदराआड मावशी. टीव्हीवरचा तरुण डॉक्टर बोलायला चांगला होता. किती दिवसांपासून दुखतं, पायाला मुंग्या येतात का, वाकताना कळ येते का, असं एकेक त्याने विचारलं. प्रत्येकाला अण्णासाहेबांनी हो साहेब म्हटलं. मुंग्यांना हो, कळेला हो. नाही म्हटलं तर डॉक्टर दुखणं हलकं समजेल, असं त्यांना वाटत असावं.

मग त्या डॉक्टरने म्हटलं, जरा बाईंना बोलू द्या. मावशीने इकडेतिकडे बघितलं. तिथे लेकरू नव्हतं आणि वासरूही नव्हतं. तिने नुसती मान हलवली. डॉक्टरला काय शंका आली कोण जाणे, त्याने विचारलं, बायकांच्या तक्रारींपैकी काही आहे का? तेव्हा अण्णासाहेब ताठ बसून म्हणाले, "न्हाई साहेब. तसलं काही आमच्या घरात न्हाई."

आमच्या घरात नाही म्हणे. जिच्या अंगाविषयी हे चाललं होतं ती हातभर अंतरावर मांड्या आवळून बसली होती, आणि उत्तर देत होता तो माणूस, ज्याने तिचं तोंडही कधी नीट बघितलं नव्हतं. मुंबईच्या डॉक्टरने ते मानलं, आणि जालन्याच्या डॉक्टरने मान डोलावून औरंगाबादच्या हाडांच्या डॉक्टरची चिठ्ठी लिहून दिली. एकानेही, सगळे जरा बाहेर जा, असं म्हटलं नाही. शिकलेली माणसं होती की ती.

अण्णासाहेब वडीगोद्रीच्या फाट्यावर भेटेल त्याला सांगत सुटले, मुंबईवरून औरंगाबादला पाठवलंय, मामुली डॉक्टर न्हाई. औरंगाबादला फोटो काढला. मणक्यात गॅप निघाली. जन्मभर ओझी वाहिलेल्या कुठल्याही बाईचा फोटो काढा, गॅप निघणारच. त्या डॉक्टरनेही प्रश्न अण्णासाहेबांनाच विचारले. मग गोळ्या दिल्या आणि कंबरेला बांधायचा एक रुंद पट्टा दिला. पट्टा जितका घट्ट तितका आराम, असं बजावलं.

पुढचे काही महिने मावशीने तो पट्टा बांधला. वरून पट्टा पोट दाबायचा आणि दाबलेलं सगळं खाली जायचं. पूर्वी वजन उचलल्यावर बाहेर येणारं अंग आता नुसतं उभं राहिलं तरी यायला लागलं. ते लुगड्याला घासायचं, सोलून निघायचं, रक्त यायचं. लघवीला बसलं की कळा. आणि रोज सकाळी अण्णासाहेब ओट्यावरून वासराला विचारायचे, "पट्टा बांधला का म्हणाव." मावशी वासरापुढे मान हलवायची. त्यांना खरंच काळजी होती. त्या काळजीपायी ती पट्टा सोडू शकत नव्हती. मोसंबीच्या ढिगावर त्या हंगामात काका बसले आणि ट्रकवाल्यांनी पडेल भावात माल नेला.

मग पुन्हा टीव्हीवरच्या डॉक्टरला दाखवायची तारीख आली. आदल्या दिवशी अण्णासाहेब मावशीला घेऊन जालन्याला माझ्याकडे उतरले. मावशी दारातून आत आली. हायवेवर दणादणा चालणारी बाई पाय फाकवून, भिंतीला हात लावत येत होती. खुर्चीवर बस म्हटलं तर बसेना. न्हाणीत गेली आणि आतून हळूच म्हणाली, उषे, जुनं लुगडं असलं तर दे, मऊ. मी द्यायला गेले तेव्हा दगडावर पडलेला पट्टा दिसला, कंबरेवरचे काळेनिळे वळ दिसले, आणि धुवायला टाकलेल्या चिंध्या दिसल्या. मी विचारलं. तिने भिंतीकडे तोंड करून सगळं सांगितलं, वसंता झाला तिथपासून.

मी ओरडले असते, पण तिने माझं तोंड दाबलं, कारण अण्णासाहेब पुढच्या खोलीत चहा पीत होते. मी म्हटलं, मी आत्ता जाऊन त्यांना सांगते, उद्या डॉक्टरला सांगते, बघतेच एकेकाला. तिने माझं मनगट धरलं.

"तू त्यास्नी सांगशील," ती म्हणाली, "ते आपल्या परीनं डॉक्टरला सांगतील. तिथवर जाईस्तोवर त्याची पुन्हा कंबरच झाली आसंल. ऱ्हाऊ दे. मी बघते."

काय बघणार होती ते तिने सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत रजा टाकून सोबत गेले. दवाखान्यात वीज गेलेली. तेव्हा भारनियमन इतकं होतं की वीज असली की लोक दचकायचे. जनरेटर चालू होईपर्यंत आम्ही खाली बाकावर थांबलो. मग वर गेलो. मावशीने सांगितलेली तीच खोली, तीच माणसं. अण्णासाहेब सवयीने कॅमेऱ्यासमोरच्या खुर्चीवर बसले, मावशी मागे स्टुलाशी उभी राहिली, मी दारात. टीव्हीवर चेहरा आला. डॉक्टरने विचारलं, काय, कंबर कशी आहे आता?

अण्णासाहेब सांगायला लागले, पट्टा बराबर बांधून राह्यली साहेब, गोळ्या बी टाइमावर. तेवढ्यात मावशी पुढे आली. पदर डोक्यावर तसाच होता. ती खुर्ची आणि टीव्ही यांच्या मधे येऊन उभी राहिली. वासराकडे बघायची सवय, पण तिथे तिने भिंतीकडेही बघितलं नाही आणि माझ्याकडेही नाही. सरळ अण्णासाहेबांच्या तोंडाकडे बघितलं.

"तुम्ही बाहीर जाऊन बसा. मला डॉक्टरशी बोलायचंय."

लग्न होऊन त्या घरात आल्यापासून ती त्यांच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. अण्णासाहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी मधे काहीतरी बोलेन, तिचं म्हणणं त्यांच्यापर्यंत गोड करून पोचवेन, असं त्यांना वाटलं असावं. मी काही वासरू नव्हते. मी दारातून बाजूला झाले आणि त्यांना वाट करून दिली. ते उठले, टोपी सारखी केली आणि गेले.

मशीनवाल्या माणसाला मशीनपाशी राहणं भाग होतं, त्याला मावशीने तोंड तिकडं कर म्हणून सांगितलं. त्याने केलं. मग ती खुर्चीवर टेकली, जशी टेकता येईल तशी, आणि बोलायला लागली. मुंबई लांब आहे, तेव्हा आवाज मोठा लागणार, अशी तिची समजूत. तिने हायवेवरचा आवाज काढला. अंग बाहेर येतं, हातानं आत सारावं लागतं, पट्ट्यानं जास्ती झालं, रगत येतं, वसंताच्या बाळंतपणापासून हाय. एकेक गोष्ट ती ट्रकच्या हॉर्नवरून ऐकू जाईल अशी सांगत होती. बाहेरच्या बाकांवर गप्पा चालल्या होत्या त्या बंद झाल्या. मी दार लावून घेतलं, पण त्याने काही फरक पडला नाही. दाराबाहेर पहिल्याच बाकावर अण्णासाहेब होते.

टीव्हीवरच्या डॉक्टरने चष्मा काढला आणि विचारलं, "हे मागच्या वेळी कुणी सांगितलं का नाही?" मावशी म्हणाली, मला इचारलं कोणी? पट्टा आजपासून बंद, तो म्हणाला, यांना स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवायला हवं, तुमच्याकडे जवळ कोण आहे?

दवाखान्याचा डॉक्टर खाली बघत म्हणाला, आपल्याकडेच मॅडम आहेत. तळमजल्याला.

तळमजल्याला. पहिल्या दिवशी मावशीला जिथे बसवलं होतं त्या बाकाच्या समोरचं दार. दुसऱ्या खेपेलाही जनरेटरची वाट बघत आम्ही त्याच दारासमोर बसलो होतो. आकाशात छत्री लावून मुंबई गाठली, मुंबईने औरंगाबाद दाखवलं, औरंगाबादने पट्टा दिला, आणि हवी ती डॉक्टर दोन जिने खाली बसून बायकांची तीच दुखणी रोज तपासत होती. मी दवाखान्याच्या त्या डॉक्टरवर चढले. तो म्हणाला, मॅडम, पेशंटने तक्रार सांगितली नाही तर आम्ही काय करणार. मी म्हटलं, तुमच्यापुढे एक बाई आणि तिच्याऐवजी बोलणारा एक पुरुष बसला होता, आणि तुम्हाला पेशंट कोण ते कळलं नाही? मशीनवाला अजून तोंड फिरवून उभा होता. मावशीनेच त्याला म्हटलं, फिर बाबा आता, झालं माझं.

खालच्या मॅडमनी तपासलं, पट्टा बघून कपाळाला हात लावला आणि जखम भरून आल्यावर ऑपरेशन केलं. मावशी माझ्याकडे राहिली आणि बरी होऊन गेली. तो पट्टा तिने बरोबर नेला. आता तो मोसंबीच्या ढिगावरच्या सावलीचा बांबू आवळायला आहे, आणि तिथे त्याचा उपयोग होतो.

घरी मात्र अण्णासाहेबांनी अबोला धरला. त्यांनी वासराशी बोलणंही सोडलं. घरची इज्जत बाकावर बसलेल्या लोकांपुढे मांडली, हे त्यांना लागलं होतं. इतकी वर्षं तिच्या अंगाला लागलं त्याचं काही नाही. मावशीच्या हातचं ताट ते घेईनात, गिरिजाबाईंनी वाढलं तरच जेवायचे. कारभारीकाका कुणाच्या बाजूने बोलले नाहीत, त्यांना ते जमतच नाही. पण त्यांनी हंडे उचलायला सुरुवात केली. सगळ्या गावादेखत, डोक्यावर चुंबळ घेऊन.

दिवाळी झाली. एका दुपारी मावशी मागच्या अंगणात शेंगा फोडत होती. गिरिजाबाई येऊन शेजारी बसल्या. जरा वेळ त्यांनीही शेंगा फोडल्या. मग विचारलं, टाके लई दुखले का? मावशीने सांगितलं, दोनचार रोज दुखले, मंग काही न्हाई. पुन्हा शेंगा. मग खाली मान घालूनच गिरिजाबाई म्हणाल्या, "मलाबी हाय ते. तुझ्या आधीपासून."

हे सांगायला मावशीने मला फोन केला तेव्हा ती रागाने रडत होती. दोघींनी एका चुलीवर भाकरी भाजल्या, एका न्हाणीत चिंध्या धुतल्या, आणि एकीने दुसरीला कळू दिलं नाही. मावशीने खाली जड वाटतं म्हटल्यावर गिरिजाबाईंना सगळं समजलं होतं. तरी त्यांनी कंबरच सांगितली. त्यांना स्वतःसाठीही दुसरा शब्द कधी वापरता आला नव्हता.

चार दिवसांनी दोघी जालन्याला यायला निघाल्या. आपल्या बायकोला दवाखान्यात न्यायचं म्हणून अण्णासाहेब धोतर-टोपी घालून तयार होऊन ओट्यावर आले. मावशी त्यांना म्हणाली, तुम्ही घरीच ऱ्हावा, आम्ही दोघी जाऊन येतो. हे तिचं दुसरं वाक्य. आणि तेव्हा अण्णासाहेब पहिल्यांदा तिच्याशी सरळ बोलले. वासरू समोर होतं, तरी त्यांनी तिलाच विचारलं, "हिला काय झालंय?"

"जाऊबाईंनाच इचारा की," मावशी म्हणाली. "त्या हितंच हायेत."

हे मला मावशीने नाही, गिरिजाबाईंनी सांगितलं, माझ्या दारात उतरल्या उतरल्या, पाणीही न घेता. जीप यायला बराच वेळ होता म्हणे. त्या पिशवी घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या आणि अण्णासाहेब ओट्यावर.

"मी वाट बघली उषा," त्या म्हणाल्या. "जीप आली, मी बसले, तरी वळून बघलं. न्हाई इचारलं त्यांनी."